पौषातले अनारसे

यंदा ज्येष्ठ अधिक आला. म्हणजे धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी एकदा पंचांगात वाढून येणारा, जावयाला घरी बोलावून तेहेतीस अनारशांचं वाण देण्याचा. अनारसे विकणाऱ्याला याहून मोठी पर्वणी नाही. आणि नेमक्या त्याच महिन्याच्या तोंडावर चारुशीला पांढरीपांडे यांनी आपल्या ऑनलाइन दुकानाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहवून घेतलं : 'अधिक महिन्यासाठी मोजकेच डबे आहेत. संपले की संपले. आमची नेहमीची गिऱ्हाइकं आधी.'

त्यांचे यजमान कृष्णकांत यांनी ते मोबाइलवर वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"लक्ष्मी टिळा लावायला दारात आली, अन् तू तोंड धुवायला जाऊन राहिली?"

"मागच्या खेपेला धुतलं नव्हतं," चारुशीलाताई म्हणाल्या. "टिळा तसाच लावून घेतला. मग काय झालं ते विसरलात का?"

कृष्णकांत विसरले नव्हते. चष्मा पुन्हा नाकावर आला आणि ते वर्तमानपत्रात शिरले.

चारुशीलाताईंचं माहेर मौद्याचं. तिथे वीज केंद्राची धुराडी उभी राहण्याच्या कितीतरी आधीचं ते मौदा. आई लवकर गेली, म्हणून आत्या सिंधूताई यांनी त्यांना वाढवलं आणि जे जे आपल्याला येत होतं ते ते शिकवलं. त्यात अनारसे सर्वांत वर. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत फडक्यावर पसरून दमट असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ घालून गोळा घट्ट डब्यात भरून आठवडाभर मुरवायचा. भिजवल्यापासून तळेपर्यंत दहा-बारा दिवस सहज जातात. एवढं करूनही अनारशाला एक खोड आहे. पीठ बिनसलेलं असलं किंवा तूप जास्त तापलं, की कढईत पडल्या पडल्या तो सुटत जातो आणि तुपावर नुसता चुरा तरंगतो. याला अनारसा हसला म्हणतात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा लहानगी चारु ओट्याशी उभी राहून रडली होती. आत्याने तिचे डोळे पदराने पुसले आणि म्हटलं, "तो हसला म्हणून आपण रडायचं नसते. पीठ काय म्हणते ते विचारायचं."

लग्न होऊन त्या नागपुरात प्रतापनगरला आल्या. कृष्णकांतांची जिल्हा परिषदेतली नोकरी, एक मुलगी, सासूबाईंचं दुखणं, असं सगळं पार पाडण्यात तीस वर्षं गेली. दर दिवाळीला गल्लीतल्या निम्म्या घरांत त्यांच्या हातचं पीठ जायचं. विकायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. पण मुलगी चिन्मयी लग्न करून हैदराबादला गेली आणि लगेच तीन वर्षांमागचा तो अधिक श्रावण लागला. जावई ऋषी यांना सुटी मिळेना. तेव्हा चारुशीलाताईंनी वाणाचा डबा कुरिअरने धाडला. ऋषीने त्याचा फोटो कचेरीतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला, आणि दोन दिवसांत चिन्मयीचा फोन आला.

"आई, सगळ्यांच्या सासवा अडचणीत आहेत. कोणालाच अनारसे येत नाहीत. मी दुकान उघडू का?"

"उघड की," आई म्हणाली. दुकान उघडायचं म्हणजे कुठेतरी गाळा घ्यायचा, असंच तिला तेव्हा वाटलं होतं.

चिन्मयीने आठवड्यात दुकान उघडलं. नाव ठेवलं 'वाण'. अन्नपदार्थांचा परवाना काढला. डब्यात तेहेतीस तयार अनारसे किंवा तेहेतिसांचं पीठ, असे दोनच प्रकार. आणि ऑर्डरी कोसळल्या. पुणे, ठाणे, रायपूर, इंदूर, बंगळूर. मागच्या खोलीतला पलंग उभा करून भिंतीला लावावा लागला. कुरिअरवाला दिवसातून दोनदा यायला लागला. कृष्णकांत डब्यांना चिकटपट्टी लावता लावता म्हणत, "आपल्याला जावई एक. तू मात्र साऱ्या महाराष्ट्राचे जावई पोसून राहिली."

एकटीचे हात पुरेनात तेव्हा सरिता मेश्राम आली. समोरच्या घरी कार्याला मदतीला यायची, तेव्हापासूनची ओळख. रामदासपेठेतल्या मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये ती पोळ्या करत असे. हाताला विलक्षण उरक, आणि जिभेलाही. चारुशीलाताईंनी विचारलं तेव्हा ती पायरीवर बसूनच बोलली.

"ताई, मेसचं काम बारा महिन्याचं हाय. पोरगी बारावीले हाय माझी. तुमच्याकडचं काम किती दिवसाचं ते आधी सांगा."

"वर्षभराचं," चारुशीलाताई म्हणाल्या. मागे कुरिअरवाला डबे मोजत उभा होता. त्या क्षणी त्यांना तसंच वाटत होतं. "मी शब्द देते तुला."

सरिताने मेस सोडली.

अधिक संपायला चार-पाच दिवस राहिले असताना दोघी अनारसे थापत बसल्या होत्या. खसखशीवर गोळी ठेवायची, बोटांच्या टोकांनी पसरायची. सरिताला ते एका दिवसात जमलं होतं. थापता थापता तिने सहज विचारलं, "ताई, हा धोंडा म्हणजे काय असते? आमच्याकडे नाई ना हे. आमचं आपलं बुद्धपौर्णिमा, चौदा एप्रिल अन् दसऱ्याले दीक्षाभूमी."

चारुशीलाताईंनी वाण, जावई, तेहेतीसचा हिशेब सगळं समजावून सांगितलं.

"असं हाय का!" सरिता म्हणाली. "म्हणजे दरवर्षी या महिन्यात जावयाची मजा."

"दरवर्षी नाही गं, तीन वर्षां..."

आणि त्यांचं बोट गोळीवरच थांबलं.

ज्या बाईच्या जिभेवर पंचांग, तिला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? जन्मभर ठाऊक होतं. पण वाण देणारी बाई आणि वाण विकणारी बाई एकाच डोक्यात राहत असून त्यांची एकमेकींशी कधी बोलाचालीच झाली नव्हती. तीन वर्षांनी एकदा येणाऱ्या पुराला त्या नदी समजून बसल्या होत्या. त्या पुराच्या भरवशावर तांदळाची पोती आली होती आणि भिंतीला डब्यांची रास लागली होती. त्याचं फार नव्हतं. पण एका बाईने चांगलं काम सोडलं होतं.

"मग मधी लोक काय खाते?" सरिताने विचारलं. तिच्या अजून ध्यानात आलं नव्हतं.

"तेच बघायचं आहे आता," चारुशीलाताई म्हणाल्या, आणि त्याच बैठकीत त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. माझी चूक झाली, हिशेब न करता शब्द दिला, असं सरळ. सरिताने हातातली गोळी थापून पुरी केली. मग खसखशीचा हात झटकून म्हणाली, "आता मेसवर दुसरी बाई घेतली असंन. पाहू. तुमी शब्द दिला ना, मग तुमीच पाहा."

निज श्रावण लागला आणि दुकान जागच्या जागी थांबलं. गणपतीत मोदक, पितृपक्षात वडे अन् खीर; अनारशाला कोणी विचारीना. कुरिअरवाला फाटकावरूनच हात हलवून पुढे जाऊ लागला. सरिता वेळेवर यायची आणि घासलेले डबे पुन्हा घासायची. ते पाहवत नसे, म्हणून चारुशीलाताई अंगणात जाऊन उगाच तुळशीची पानं खुडत. पगार त्या महिन्याच्या महिन्याला देत होत्या, पण काम न करता पगार घेणं सरितालाही रुचत नव्हतं. "फुकटची खाऊन राहिली मी," ती म्हणायची, आणि मागच्या खोलीच्या खिडक्या पुसायला घ्यायची.

दिवाळी आली. चिन्मयीने जाहिराती केल्या आणि त्यांचा उपयोगही झाला. आठ-दहा दिवस पुन्हा लगबग. भाऊबीज सरली आणि दुकानाच्या पानावर तक्रारी यायला लागल्या. 'पीठ फसवं निघालं.' 'सगळे हसले.' भिलाईच्या मयुरा नावाच्या मुलीने पाचातला एकच तारा देऊन लिहिलं होतं : 'सासरची पहिली दिवाळी. डबाभर चुरा झाला. आमच्याकडे तो चमच्याने खाल्ला.'

"आई, नवीन माणसं दुकानापर्यंत आणणं हे माझं काम," चिन्मयी फोनवर म्हणाली. "ते मी करते आहे. पण आलेलं माणूस दुसऱ्यांदा येत नाही. ते का, हे मला इथून कळत नाही. ते तू बघ."

चारुशीलाताईंनी त्या दुपारी भिलाईला फोन लावला.

"मयुरा, मी चारुशीलाकाकू, नागपूरहून. तुझे अनारसे हसले ना?"

"काकू, मी ते रागात लिहिलं. तुम्ही वाईट वाटून..."

"मला वाईट वाटलं तर वाटू दे. पीठ उरलंय का तुझ्याकडे?"

"आहे, पण फ्रीजमध्ये त्याचा दगड झालाय."

"काढ बाहेर. घरात पिकलेलं केळं असेल तर तेही काढ. आणि फोनवर चेहरा दिसतो ना, तसा लाव."

चारुशीलाताई एकेक सांगत गेल्या आणि सरिताने फोन धरला. दगडाला केळ्याने मऊ केलं. पहिला अनारसा हसला. दुसराही. मयुराचा चेहरा पडला.

"अवं मयुराताई!" सरिता मध्येच ओरडली. "तूप धूर सोडून राहिलं, दिसत नाई का तुमाले? उतरवा ती कढई! अनारसा हाय तो, भजं नाई!"

कढई उतरली. तूप निवलं. पिठात चिमूटभर कोरडं तांदळाचं पीठ गेलं. मग अनारसा सोडला, तो तुपात टिकून राहिला आणि हळूहळू त्याच्या अंगावर जाळी उमटली. मयुराने पळीने त्याच्यावर तूप उडवलं आणि कोणाला तरी हाका मारल्या. पडद्यावर सासूबाईंचा अर्धा चेहरा आला. त्यांनी तिथेच उभ्याने अनारशाचा तुकडा मोडला, चावला, आणि लगेच दुसरा मोडला.

"काकू, एक सांगू?" फोन ठेवण्याआधी मयुरा म्हणाली. "आमच्या घरी तीनच माणसं. तेहेतिसांचं पीठ कुठे पुरवू? उरलं, म्हणून तर दगड झाला. थोडंसं देत नाही का तुम्ही?"

फोन बंद झाल्यावर चारुशीलाताई बराच वेळ डब्यांच्या राशीकडे पाहत राहिल्या. सगळे तेहेतिसांचे. अधिक महिना जाऊन तीन महिने झाले, तरी त्यांचं दुकान अजून अधिक महिन्यातच बसलं होतं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक जावयाला वाण द्यायलाच आलं आहे असं धरून.

नऊ अनारशांच्या पिठाचा छोटा गोळा त्या आठवड्यात दुकानात आला. आणि प्रत्येक गोळ्याबरोबर एक चिठ्ठी : 'शनिवारी दुपारी चारला आम्ही फोनवर तळायला बसतो. तुमचा गोळा घेऊन या. हसला तर आमच्यासमोर हसू द्या.' शेवटचं वाक्य सरिताचं.

पहिल्या शनिवारी एकटी मयुराच आली, तीही हजेरी लावल्यासारखी. पुढच्या शनिवारी पडद्यावर चार-पाच चौकटी उघडल्या. त्यात नाशिकचे प्रेमानंद सर, निवृत्त मुख्याध्यापक. बायकोचे गुडघे गेलेले, तिला ओट्याशी उभं राहवत नव्हतं, म्हणून ते तळायला शिकत होते. बायको मागे खुर्चीत, आणि तिचा आवाज सगळ्या चौकटींत.

"अहो, खसखस वरच्या अंगाला!"

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे तर खाली का घातलीत?"

"सर," सरिता इकडून म्हणाली, "बाई म्हणून राहिल्या ते बरोबर हाय. शाळेत तुमी पोरांचं ऐकलं नसंन, इथे ऐका."

सर खो खो हसले आणि त्यांचा अनारसाही. पण ते पुढच्या शनिवारी नवा गोळा घेऊन आले. चारुशीलाताई पिठाचं सांगत, सरिता आचेचं. कोणाचं पीठ कसं आहे हे चारुशीलाताईंना नुसत्या दिसण्यावरून कळे, आणि गेल्या खेपेला कोणाचं काय चुकलं होतं ते त्यांच्या पक्कं ध्यानात असे. कोणी शनिवारी दिसलं नाही तर त्या सोमवारी विचारपूस करत, विकायचं म्हणून नव्हे, खरोखरीच चुकल्यासारखं वाटे म्हणून.

मार्गशीर्षात गिरिधरचा फोन आला. वसतिगृहाची मेस चालवणारा. त्याची नवी बाई गावी परत चालली होती. सव्वीस जानेवारीपर्यंत जागा राखतो, नंतर दुसरी ठेवतो, असं त्याने सरिताला सांगितलं. सरिताने आल्या आल्या ते चारुशीलाताईंना सांगितलं. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती.

चारुशीलाताईंनी बोटांवर तिथी मोजल्या. मग म्हणाल्या, "पौष लागू दे, सरिता. पौषात लग्न नाही, मुंज नाही, नवीन काही कोणी करत नाही. जावई तर कोणाला आठवतही नाही. आपल्याला आजवर जे मिळालं ते सणांनी दिलं. पौषात कोणी पीठ मागवलं, तर ते माणसाने मागवलेलं असेल. तसं झालं तर माझा शब्द खरा. नाही झालं तर तू गिरिधरकडे जा. मी तुला अडवून धरणार नाही."

"तुमाले पौष, आमाले नुसता हिवाळा," सरिता म्हणाली. "भूक तर दोन्हीत लागते ना ताई."

पण पौषात विकायचं पीठ मार्गशीर्षातच भिजवावं लागतं. मोठं पातेलं काढलं तेव्हा कृष्णकांत दारात उभे होते.

"शहाण्या माणसाने या दिवसांत अर्धंच भिजवलं असतं."

"अर्ध्या तांदळात एकीपुरतंच काम होते," चारुशीलाताई म्हणाल्या. "मग मी सरिताला आजच जा म्हणून सांगितल्यासारखं झालं." आणि त्यांनी पातेलं काठोकाठ भरलं.

पौष लागला. पहिले दिवस कोरडे. संक्रांतीला लोकांनी तीळगूळ केला, आणि ते बरोबरच होतं. गोळे डब्यांत मुरून तयार होते. सरिता रोज झाकण उघडून वास घ्यायची आणि पुन्हा लावायची. चारुशीलाताईंनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण चहात दोनदा साखर पडली, तो कृष्णकांतांनी मुकाट्याने प्यायला.

मग मयुराचा गोळा गेला. दुसऱ्या दिवशी प्रेमानंद सरांचा. त्यानंतर ठाण्याहून एक, इंदूरहून दोन, ज्यांची नावं शनिवारच्या चौकटींतून ओळखीची झाली होती. आणि त्यांच्या मागोमाग त्यांनी ज्यांना सांगितलं होतं ते. पूर आला नाही. एका वेळी दोन, कधी तीन. पण कुरिअरवाला आता फाटकावर हात हलवून जात नव्हता. त्याला रोज आत यावं लागत होतं.

दुकानाच्या पानावर चिन्मयीने सुरुवातीपासून एक रकाना ठेवला होता : 'कशासाठी हवेत?' अधिकात त्यात एकच उत्तर असे, वाण. दिवाळीत दिवाळी. आता सरिता मोबाइल पुढे धरून एकेक मोठ्याने वाचत होती.

"'सहज.' हे ठाण्याचे. 'नवरा म्हणतो तुला जमणार नाही.' मा वं! 'शनिवारी नुसती बघत बसते, आता मीही तळीन.' अन् हे पाहा, सरांचं : 'बायकोला खावेसे वाटले.'" ती थांबली. "ताई, यात सण कोन्ता?"

"कोणताच नाही," चारुशीलाताई म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपले.

सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी गिरिधरचा फोन आला. सरिताचे हात पिठात होते, म्हणून तिने कोपराने फोनचा आवाज मोकळा केला.

"काय ठरलं वं सरिता? उद्यापासून येतं का?"

"नाई गा भाऊ. जमत नाई."

"काहून? अनारश्याचं काम न तुझं? पौषात कोन खाते अनारसे?"

"तेच तर, भाऊ," सरिता म्हणाली. "तुले सांगून पटणार नाई. शनिवारी चार वाजता फोन लाव, म्हणजे दाखवीन."

पलीकडे गिरिधर काहीतरी पुटपुटला आणि फोन बंद झाला. सरिताने पुढची गोळी खसखशीवर ठेवली.

चारुशीलाताई ओट्याशी होत्या. वाकून त्यांनी ओट्याखालचं मोठं पातेलं ओढलं, पोत्यातून तांदूळ काढले, दोघींच्या हातांना पुरतील एवढे. तीन पाण्यांनी धुतले, चौथं पाणी घालून वर झाकण ठेवलं, आणि उद्या पाणी बदलायची आठवण सरिताला आताच करून दिली.